गाडीचा रंग जातो तो फडक्याने

गडद रंगाची, दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी उन्हात उभी करा आणि बोनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडतं तिथे जवळ जाऊन बघा. बहुतेक गाड्यांवर त्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळं विणावं तशी बारीक वर्तुळं दिसतील. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी गोल गोल घासलं म्हणून गोल चरे पडले. प्रत्यक्षात चरे सगळ्या दिशांना वेडेवाकडे पसरलेले असतात. त्यातले प्रकाशाला आडवे असलेले तेवढे चमकतात आणि म्हणून दिवा कुठेही धरला तरी वर्तुळं त्याच्याभोवतीच फिरतात. ‘गोल घासू नका, सरळ घासा’ हा सल्ला त्यामुळे अर्धाच खरा आहे. सरळ घासल्याने चरे एका दिशेचे पडतात आणि कमी कोनांतून दिसतात, पण पडायचे ते पडतातच.

हे चरे रस्त्याने पाडलेले नसतात, धुणाऱ्या आणि पुसणाऱ्या हाताने पाडलेले असतात. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि ते गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण असतात. गाडीवर नुसती बसलेली धूळ काही करत नाही. तिच्यावर कोरडा फडका फिरवला की तोच फडका पॉलिश पेपर होतो. रोज सकाळी कोरड्या फडक्याने झटकून लखलखीत ठेवलेली गाडी वर्षभरात जेवढी मंद पडते, तेवढी महिनाभर न पुसता धुळीत उभी राहिलेली पडत नाही. पिसांचा किंवा सुती धाग्यांचा झाडणाही यातून सुटत नाही. धूळ फार डोळ्यांवर येत असेल तर पाणी मारा. पाणी नसेल तर ती राहू द्या.

एवढी काळजी कशासाठी, हे थरांचे आकडे बघितले की कळतं. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या बऱ्याच गाड्यांवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं आणि त्यात क्लिअर कोट असतो ३५ ते ५० मायक्रॉन. एक हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर होतो आणि आपल्या डोक्यावरचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे चकाकी देणारा आणि खालच्या रंगाला अतिनील किरणांपासून जपणारा हा थर केसापेक्षाही पातळ आहे. कंपाऊंड, म्हणजे रंग घासून कापणारी पेस्ट, मारून चरे ‘काढले’ म्हणजे चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवला. एका जोरदार कंपाऊंडमध्ये दोन-तीन मायक्रॉन सहज जातात आणि गेलेला थर परत येत नाही. म्हणून आधी धुणं सुधारा, डाग वेळच्या वेळी काढा आणि पॉलिशला हात अगदी शेवटी घाला.

धुताना

गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे. तापलेल्या बोनेटवर शॅम्पू आणि पाणी वाळून जातं आणि त्यातले क्षार तिथेच बसतात. लांबून आल्या आल्या धुवायला घेऊ नका, इंजिन आणि ब्रेक गार होऊ द्या.

साहित्य फार लागत नाही. दहा ते पंधरा लिटरच्या दोन बादल्या, चाकांसाठी तिसरी छोटी बादली, मायक्रोफायबरचा किंवा लोकरीचा धुण्याचा हातमोजा, गाडीचा शॅम्पू आणि पुसायला दोन मोठे मायक्रोफायबर टॉवेल. बादलीच्या तळाशी बसणारी प्लास्टिकची जाळी मिळाली तर जरूर घ्या. हातमोजा तिच्यावर घासला की माती खाली पडते आणि पुन्हा वर ढवळली जात नाही. स्पंज मात्र टाळा. त्याचा पृष्ठभाग सपाट असल्याने खड्याला आत शिरायला जागा मिळत नाही, तो स्पंज आणि रंग यांच्यामध्येच अडकून ओढला जातो. हातमोज्याच्या लांब धाग्यांत तोच खडा आत ओढला जातो.

शॅम्पूचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं आणि ते ब्रँडप्रमाणे बरंच बदलतं. अंदाज म्हणून, दहा लिटर पाण्याला २० ते ३० मिलि बऱ्याच शॅम्पूंना पुरतं. जास्त घातल्याने गाडी जास्त स्वच्छ होत नाही, फेस धुवायला पाणी तेवढं जास्त लागतं. भांडी घासायच्या द्रवाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एका धुण्यात त्याने रंग जात नाही, पण वॅक्स उतरतं आणि शॅम्पूत जो बुळबुळीतपणा मुद्दाम घातलेला असतो तो त्यात कमी असतो, त्यामुळे हातमोजा घसरण्याऐवजी ओढला जातो. कपड्यांची पावडर मात्र अजिबात नको. ती तीव्र अल्कली असते आणि न विरघळलेला दाणा हातमोज्यात राहिला तर तोच ओरखडे काढतो.

चाकं आधी. ब्रेकची काळी भुकटी म्हणजे लोखंडाचे आणि ब्रेक पॅडचे कण. हे सगळ्यांत धारदार किटण आहे, म्हणून त्याची बादली, ब्रश आणि फडका कायम वेगळे. ते रंगाच्या कामात कधीही आणायचे नाहीत. चाकं शेवटी धुतली तर त्यांचे शिंतोडे धुतलेल्या दारांवर उडतात आणि तोवर बाकीची गाडी आपोआप वाळून डाग धरते.

मग सगळ्या गाडीवर भरपूर पाणी, वरून खाली. या टप्प्याला लोक मिनिटभरही देत नाहीत आणि खरं काम इथेच होतं. हात न लावता जेवढी माती निघेल तेवढे चरे वाचतात. चाकांच्या मागचा भाग, दारांच्या खालच्या कडा आणि मागचा बंपर यांच्यावर जास्त वेळ द्या. चिखल वाळून धरला असेल तर तो आधी भिजवा, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा पाणी मारा. प्रेशर वॉशर असेल तर पंख्यासारखी पसरणारी धार वापरा आणि नोझल किमान ३० सेंमी लांब ठेवा. जिथे रंगाचा टवका आधीच उडाला आहे तिथे जवळून धार मारली तर कडेचा रंग सोलून निघतो. दुरुस्तीत नव्याने मारलेला रंग, दारांची रबरं आणि स्टिकरच्या कडा यांनाही ही धार लांबूनच दाखवायची. फोम गन असेल तर फेस मारून चार-पाच मिनिटं ठेवा आणि वाळायच्या आत धुवा.

आता हातमोजा. एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं. हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात जाळीवर घासून खळबळायचा, पिळायचा आणि पुन्हा शॅम्पूत. क्रम असा: छप्पर, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा अर्धा भाग आणि सगळ्यांत शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर. दाब द्यायचा नाही, हातमोज्याचं स्वतःचं वजन पुरे. एखादा डाग निघत नाही म्हणून तिथेच जोर लावून घासणं ही सगळ्यांत महाग चूक. तो डाग शॅम्पूचा नाहीच, त्याचं औषध वेगळं आहे आणि ते पुढे येतं. हातमोजा जमिनीवर पडला तर खळबळून पुन्हा वापरू नका, दुसरा घ्या. म्हणूनच दोन असावेत. साध्या पाण्याची बादली गढूळ दिसायला लागली की बदला.

शेवटचं पाणी मारताना नळीचं नोझल काढून टाका आणि उघड्या नळीतून संथ पाणी छपरावरून सोडा. फवाऱ्याने हजारो थेंब उरतात. संथ पाणी मात्र चादरीसारखं एकत्र घसरतं आणि बरंचसं पाणी आपल्याबरोबर घेऊन जातं. पुसायचं काम निम्म्यावर येतं.

पुसणं म्हणजे घासणं नव्हे. मोठा टॉवेल उलगडून बोनेटवर पसरा, क्षणभर पाणी शोषू द्या आणि दोन टोकं धरून अलगद ओढून घ्या. उभ्या भागांवर टॉवेल टेकवून टिपा. आरशांच्या फटी, दारांचे हँडल, नंबरप्लेटची मागची बाजू आणि इंधनाच्या झाकणाची खाच इथे पाणी दडून बसतं आणि पाच मिनिटांनी ओघळ येतो. छोटा ब्लोअर असेल तर तो याच जागांसाठी खरा उपयोगी.

पाणी कमी असेल तर ‘रिन्सलेस’ प्रकारचा शॅम्पू चांगला. एक बादली पाण्यात लेबलवर सांगितलेलं प्रमाण, साधारण झाकणभर. त्यात सात-आठ मायक्रोफायबर भिजवून ठेवायचे. प्रत्येक फडका दुमडून त्याच्या आठ बाजू करायच्या आणि एका भागाला एक बाजू वापरायची. वापरलेला फडका परत बादलीत टाकायचा नाही. नंतर पाणी मारावं लागत नाही, लगेच पुसायचं. धुळीच्या गाडीला ही पद्धत उत्तम, पण चिखल थापलेल्या गाडीला नाही.

मायक्रोफायबरची निगा गाडीइतकीच महत्त्वाची आहे. ते सुती कपड्यांबरोबर धुतले की सुताचे तंतू त्यात अडकतात आणि फॅब्रिक सॉफ्टनर घातला की धाग्यांवर थर बसून ते पाणी शोषायचं सोडतात. कोमट पाणी, ४० अंशांपर्यंत, साधा द्रव साबण आणि सावलीत वाळवणं. कडेची शिवण कडक असेल किंवा लेबल टोचत असेल तर ते लेबल आधीच कापून टाका.

डाग, प्रत्येकाचं औषध वेगळं

पक्ष्यांची विष्ठा. बऱ्याच जणांना वाटतं नुकसान फक्त तिच्यातल्या आम्लाने होतं. आम्लाचा वाटा आहेच, पण दुसरं कारण उष्णतेचं आहे. उन्हात क्लिअर कोट तापून थोडा मऊ होतो आणि फुगतो. वर वाळलेली विष्ठा कडक होते. संध्याकाळी रंग गार होऊन आकसतो तेव्हा तिच्या खडबडीत तळाचा ठसा घेऊन आकसतो. म्हणून डाग पुसल्यावरही खाली मळकट, विटलेली आकृती उरते. कडक उन्हात हे काही तासांत होतं. काढताना वाळलेली विष्ठा खरवडू नका, तिच्यात वाळूचे कण असतात. टिश्यू पेपरची घडी पाण्यात भिजवून डागावर ठेवा, दहा मिनिटं थांबा आणि घडीसकट चिमटीत धरून वर उचला. उरलेलं पाण्याने धुवा. ठसा उमटला असेल तर काही वेळा तो भाग उन्हात किंवा हेअर ड्रायरने सावकाश गरम केल्यावर रंग मूळ सपाटीकडे येतो आणि ठसा फिका होतो. नाही झाला तर पॉलिश.

बंपरवर चिकटलेल्या किड्यांचंही तसंच. ओला, शॅम्पूचा टॉवेल दहा मिनिटं ठेवला की ते मऊ पडतात. स्वयंपाकघरातली हिरवी घासणी इथे आणू नका, तिच्यात घर्षक कण असतात.

झाडाचा चीक किंवा डिंक ओला असेल तर कोमट साबणाच्या पाण्याने निघतो. वाळून खडा झाला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल मायक्रोफायबरच्या टोकावर घ्या, खड्यावर अर्धा मिनिट टेकवून धरा, मग अलगद पुसा. निघाला नाही तर पुन्हा टेकवा. इथे धीर हेच औषध. नंतर ती जागा पाण्याने धुवा आणि तिथे वॅक्स पुन्हा लावा, कारण अल्कोहोलने तेही उतरलेलं असतं.

डांबराचे काळे ठिपके दारांच्या खालच्या भागावर, चाकांच्या मागे सापडतात. पाण्याने ते हलतही नाहीत, तेलाला तेलच लागतं. डांबर काढायचं तयार द्रावण किंवा थोडंसं रॉकेल फडक्यावर घेऊन ठिपक्यावर धरलं की मिनिटभरात तपकिरी ओघळ सुटतो. पुसा आणि लगेच शॅम्पूने धुवा. मोकळी हवा हवी, जवळ ज्योत नको. रंगाचा थिनर वापरू नका. भट्टीत पक्का झालेला कारखान्याचा रंग त्याला थोडा वेळ दाद देणार नाही, पण टचअप केलेला किंवा नव्याने मारलेला रंग आणि प्लास्टिक यांना तो चटकन धरतो.

पाण्याचे पांढरे गोल डाग म्हणजे थेंब वाळून मागे राहिलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, फडका भिजवून डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा. हे सावलीत, गार पत्र्यावर. आम्ल रंगावर वाळू द्यायचं नाही. व्हिनेगरने न गेलेले डाग दोन प्रकारचे असतात: एक तर त्यात सिलिका आहे, जिला व्हिनेगर विरघळवू शकत नाही, किंवा क्षारांनी क्लिअर कोटात खळगा केला आहे. नखाच्या पाठीने हलकेच बघा. डाग वर उचललेला लागला तर तो साचलेला थर आहे, सपाट किंवा खोल लागला तर खळगा आहे आणि तिथे व्हिनेगरचा डोस वाढवून काही मिळणार नाही.

पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके दिसतात तेव्हा ‘पत्रा गंजला’ म्हणून घाबरायला होतं. बहुतेकदा ते लोखंडाचे बाहेरून येऊन रुतलेले कण असतात, ब्रेकमधून किंवा रेल्वेमार्गाजवळच्या हवेतून आलेले. ते इतर रंगांच्या गाड्यांवरही असतात, फक्त दिसत नाहीत. लोखंड काढणारा फवारा धुतलेल्या, गार गाडीवर मारायचा. त्यातलं थायोग्लायकोलेट नावाचं रसायन लोखंडाशी संयोग पावून जांभळं होतं, त्यामुळे कुठे किती कण होते ते डोळ्यांना दिसतं. वास सडक्या अंड्यासारखा येतो, हातमोजे घाला. तीन-चार मिनिटांनी, वाळायच्या आत धुवून टाका.

एवढं झाल्यावरही रंग हाताला खरखरीत लागतो का, ते बघायची पद्धत सोपी आहे. हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि बोटं ओल्या बोनेटवरून फिरवा. पिशवीमुळे बारीक कणही टोचतात. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलून घेणारी मातीसारखी मऊ वडी. ५० ग्रॅमची वडी असेल तर तिचे दोन-तीन तुकडे करा, म्हणजे एक जमिनीवर पडला तरी बाकीचे वाचतात. पडलेला तुकडा टाकूनच द्यायचा, मळून उपयोग नाही. तुकडा तळव्यात सपाट करा, गाडीवर शॅम्पूचं पाणी भरपूर फवारा आणि दोन बोटांनी हलकेच पुढे-मागे सरळ फिरवा. सुरुवातीला तो अडखळतो, आवाज करतो, मग गुळगुळीत चालायला लागतो. ती त्या भागाची खूण. अर्ध्या बोनेटनंतर क्ले दुमडून स्वच्छ बाजू वर आणा. क्ले नवे, अगदी बारीक चरे पाडतो, विशेषतः काळ्या रंगावर. म्हणून दर महिन्याला मारायची ही गोष्ट नाही. वर्षातून एकदा, दोनदा पुष्कळ.

चरे

ओरखडा दिसला की आधी तो भाग धुवा. निम्मे ‘ओरखडे’ म्हणजे दुसऱ्या वस्तूचा रंग किंवा रबर आपल्या गाडीवर आलेलं असतं. ते क्ले, डांबराचं द्रावण किंवा हलक्या पॉलिशने निघतं आणि खाली रंग धड सापडतो. खरा ओरखडा असेल तर नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर तो क्लिअर कोटात आहे आणि पॉलिशने जाईल. किंचित अडकलं तर फिका होईल, पूर्ण जाणार नाही. आत पांढरा किंवा करडा प्रायमर दिसत असेल, किंवा पत्रा चमकत असेल, तर पॉलिशचा विषय संपला आणि तिथे रंगच भरावा लागतो. पाण्याचा थेंब सोडूनही अंदाज येतो: ओला असताना चरा दिसेनासा झाला तर तो वरवरचा आहे.

ओल्या अवस्थेत चरा नाहीसा होतो हेच टूथपेस्ट आणि वंगणाच्या फवाऱ्यांच्या ‘जादू’चं मूळ आहे. तेलकट थर चरा भरतो, प्रकाश नीट परततो आणि दोन धुण्यांनंतर चरा परत येतो. टूथपेस्ट खरंच थोडं घर्षण करते, पण तिचे कण रंगासाठी बेतलेले नसतात आणि चऱ्याच्या जागी ती पांढुरकी धूसर पट्टी ठेवून जाते. ‘स्क्रॅच रिमूव्हर’ नावाने मिळणाऱ्या काही ट्यूबमध्येही भरणारं तेलच जास्त असतं.

कंपाऊंड, पॉलिश आणि वॅक्स ही तीन वेगळी कामं आहेत. कंपाऊंड जाड कापतं, पॉलिश बारीक कापून चमक आणतं, वॅक्स काहीच कापत नाही, नुसतं वर बसतं. सुरुवात नेहमी पॉलिशने करा. पुरलं नाही तरच कंपाऊंड घ्या, आणि कंपाऊंडनंतर पॉलिश करावंच लागतं, नाहीतर रंग धुरकट राहतो. सगळ्या गाडीला हात घालण्याआधी ४० सेंमी लांबी-रुंदीचा एक चौकोन निवडा आणि पॅड आणि पॉलिशची कोणती जोडी पुरते ते तिथे ठरवा. काही गाड्यांचा क्लिअर कोट मऊ असतो, काहींचा दगडासारखा. हे गाडी बघून कळत नाही, चौकोनच सांगतो.

हाताने करायचं तर फोमचा पॅड, त्यावर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, ३० सेंमीचा तुकडा, मध्यम दाबाने सरळ, एकमेकांवर येणारे फटके, दोन मिनिटं. पुसा, टॉर्च धरून बघा, गरज असेल तर पुन्हा. दरवाजाच्या हँडलमागच्या नखांच्या खुणा आणि एखाद-दुसरा चरा यासाठी हात पुरतो. सगळ्या गाडीवरची जाळी हाताने काढायची म्हटली तर खांदे जातात आणि काम असमान होतं. तिथे डबल ॲक्शन मशीन घ्या. हिचा पॅड स्वतःभोवती फिरता फिरता हेलकावतो, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही आणि नवशिक्याच्या हातून रंग जाळला जाण्याची भीती खूप कमी असते. नुसतं गोल फिरणारं रोटरी मशीन कापतं जास्त, पण सराव नसेल तर त्रिमितीय लाटांसारख्या खुणा सोडतं आणि कडेवर एका क्षणात प्रायमर दाखवतं.

डबल ॲक्शनवर काम करताना पॅडच्या मागच्या प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली तर दाब जास्त झाला किंवा पॅड वाकडा धरला गेला आणि तेव्हा मशीन नुसतं थरथरतं, कापत नाही. थेंब आधी सगळीकडे टेकवा, कमी वेगावर पसरवा, मग वेग वाढवून सेकंदाला दोन-तीन सेंमी एवढ्या संथ गतीने आडवे आणि मग उभे पट्टे घ्या. प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर आला पाहिजे. चार ते सहा फेऱ्या पुरतात. बहुतेक लोक मशीन फार भरभर फिरवतात आणि मग ‘कंपाऊंड चांगलं नाही’ म्हणतात. दर तुकड्यानंतर पॅड ब्रशने झाडा, कारण झिजलेला रंग आणि वाळलेलं कंपाऊंड पॅडवर साचलं की तेच नवे चरे पाडतं. पत्र्याला अधूनमधून हात लावत राहा. कोमट ठीक, हात ठेववत नाही इतका गरम नको. प्लास्टिकच्या बंपरवर अधिक जपा, कारण प्लास्टिक उष्णता पसरवत नाही.

बोनेटच्या घड्या, दारांच्या कडा, मडगार्डची धार इथे रंग सपाट भागापेक्षा पातळ असतो. या रेषांवर मास्किंग टेप लावून ठेवा. काळ्या खडबडीत प्लास्टिकवरही टेप हवीच, नाहीतर त्या प्लास्टिकमध्ये वाळलेलं कंपाऊंड पांढरं पडतं आणि निघता निघत नाही. फडक्यावर गाडीचाच रंग उतरायला लागला तर थांबा. एक तर रंग बिनक्लिअरचा जुन्या पद्धतीचा एकेरी आहे, तेव्हा ते साहजिक आहे, किंवा क्लिअर कोट संपला आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम, पण ते सगळ्या थरांची बेरीज सांगतं, क्लिअर कोट किती उरला ते नाही. आकडा ८०–९० मायक्रॉनच्या खाली असेल तर तिथे चरे राहू द्यावेत. आणि एखाद्या दाराचा आकडा इतरांच्या दुप्पट असेल तर ते दार पूर्वी रंगवलेलं आहे.

पॉलिश झाल्यावर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन भाग पाणी फवारून पुसा. पॉलिशमधलं तेल गेल्यावर जे दिसतं तेच खरं. या टप्प्यावर चरे परत ‘उगवले’ तर ते भरले गेले होते, निघाले नव्हते.

छपरावर किंवा बोनेटवर क्लिअर कोटाचे पोपडे सुटले असतील, पांढरे चट्टे कडेने सोलत असतील, तर कोणतंही पॉलिश, वॅक्स किंवा कोटिंग ते थांबवू शकत नाही. तो भाग घासून पुन्हा रंगवणं एवढाच उपाय. आणि गाडी कारखान्यातूनच मॅट रंगाची असेल तर वरचं पॉलिशचं काहीही तिला लागू नाही. घासलेली जागा चमकायला लागते आणि पुन्हा मॅट होत नाही.

उडालेला टवका

खड्याने टवका उडून पत्रा उघडा पडला असेल तर तो लवकर बुजवा, कारण गंज रंगाच्या खालून पसरतो. रंगाचा कोड बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो. नुसतं ‘सिल्व्हर’ सांगून रंग आणू नका, सिल्व्हर डझनांनी असतात.

जागा धुवा, अल्कोहोलने पुसा, सुटत आलेल्या कडा टाचणीने काढा. गंज असेल तर पॉलिश पेपरचा छोटा तुकडा टूथपिकच्या बोथट टोकाला चिकटवून तेवढाच ठिपका घासा. पत्रा दिसत असेल तिथे आधी प्रायमर, प्रायमर शाबूत असेल तर थेट रंग. बाटली दोन मिनिटं हलवा, विशेषतः मेटॅलिक रंगाची, नाहीतर चमकी तळाशी राहते आणि ठिपका गडद येतो. बाटलीच्या झाकणातला ब्रश या कामाला फार जाड असतो. टूथपिकच्या टोकावर थेंब घ्या आणि खळग्याच्या मध्यावर टेकवा, तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. एका थेंबात खळगा भरायचा मोह आवरा. रंग वाळताना आकसतो आणि जाड थर आतून ओला राहतो. अर्ध्या ते एक तासाच्या अंतराने दोन-तीन पातळ थर द्या आणि सपाटीच्या किंचित खाली थांबा. मग क्लिअर कोटाचे थर, आजूबाजूच्या रंगापेक्षा केसभर वर येईपर्यंत.

आता किमान आठवडाभर त्याला हात लावू नका. वर आलेला ठिपका खटकत नसेल तर इथेच थांबणं शहाणपणाचं. खटकत असेल तर ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात दहा मिनिटं भिजवा, खोडरबराच्या तुकड्याला गुंडाळा आणि साबणाच्या पाण्यासह फक्त त्या टेंगळावर आठ-दहा हलके फटके द्या. पुसून बघा आणि पुन्हा. भोवताली मॅट कडं उमटलं की समजायचं ठिपका सपाटीला आला, त्यापुढे एकही फटका नको. मग कंपाऊंड, मग पॉलिश.

वॅक्स सगळ्यांत शेवटी, पातळ थर, एकावेळी एक भाग. जाड लावलेलं जास्त दिवस टिकत नाही, फक्त पुसायला जड जातं. कार्नौबा वॅक्स एक ते तीन महिने, सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने टिकतं. सिरॅमिक कोटिंग वर्षं टिकतं, पण खडे, फडक्याचे चरे आणि क्षारांचे डाग त्याच्यावरही होतात, आणि ज्या पृष्ठभागावर ते मारलं तोच पृष्ठभाग जसाच्या तसा कोंडला जातो. म्हणून चरे आधी काढावे लागतात. पाण्याचे थेंब गोल मण्यांसारखे उभे राहायचे थांबले की वॅक्सची पाळी आली. नव्याने रंगवलेल्या भागाला मात्र रंगवणारा सांगेल तितके दिवस, साधारण एक ते तीन महिने, वॅक्स लावू नका. रंगातलं द्रावण अजून बाहेर पडत असतं आणि वॅक्सखाली ते अडकतं. तेवढे दिवस नुसता शॅम्पू, आणि डिकीत पाण्याची एक फवाऱ्याची बाटली व दोन स्वच्छ मायक्रोफायबर, म्हणजे विष्ठा दिसली की तिथल्या तिथे भिजवून उचलता येते.